पहिला धडा घरी वाचा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

भरे गावात माझी शिकवणी आहे. भाजी विकून बी.एड. केलं, बाकडी भंगारवाल्याशी भांडून आणली. ज्या शाळेत नऊ वर्षं तासागणिक पैशांवर राबलो, तिथली कायमची जागा दुसऱ्याला गेली. तो राग अजून जात नाही. पण हे त्या रागावर ढकलायचं नाही मला.

दहावीच्या पुस्तकातला पहिलाच, उत्क्रांतीचा धडा मी शिकवतच नसे. ‘मार्क थोडे, वेळ जास्त, घरी वाचा.’ पोरांशीही सौदाच! खरं सांगू? मला तो कळला नव्हता. पटलाही नव्हता — पण विज्ञानाच्या मास्तरानं हे कुणाला सांगायचं?

एकदा कोळवणची एक मुलगी उभी राहिली. “सर, आमच्या खाचरात एक गवत हाय, हुबेहूब भातावानी. आई बेणताना वेगळं दिसतंय तेवढंच उपटती. भातावानी दिसणारं वाचतंय, त्याचंच बी पडतंय. दरसाल असंच. म्हंजी त्याला तसं आमीच केलं, व्हय ना? हीच का उत्क्रांती?”

मला उत्तर येत नव्हतं. मी भडकलो.

“व्हय गं माकडीण! शेपूट कुठं ठेवलंस?”

वर्ग हसला. पुढं वर्षभर तिला तेच नाव पडलं. मी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दार लावून तो धडा पहिल्यांदा नीट वाचला. दोनदा. तिचं बरोबर होतं.

एवढंच असतं तर लिहिलं नसतं.

निकालानंतर तिचे वडील आले. “सर, पोरगी सायन्सला जाती म्हनती. तुमी म्हनाल तसं.” विज्ञानात ती वर्गात पहिली होती. मी म्हणालो, “नाही झेपणार तिला, दादा.” का? ती पुढं शिकली असती, आणि कधीतरी कुणाला सांगितलं असतं — आमच्या सरांनाच येत नव्हतं. वडिलांनी हात जोडले. “बरं झालं सांगितलंत.”

आता तो धडा मी शिकवतो. गवताचं उदाहरण देतो — स्वतःचं असल्यासारखं. पोरं खूश होतात. पावसाळ्यात मात्र गाडीत खिडकीशी बसत नाही. दोन्ही बाजूंना खाचरंच.

मागच्या महिन्यात पौडला एसटीत चढलो. ती होती. अंगात कंपनीचा निळा शर्ट, मांडीवर डबा. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मला पाहून ती लगेच उठली. “बसा, सर.”

मी बसलो. पिरंगुट येईपर्यंत ती उभीच होती.