वैताग सरांचं नाट्यमंडळ

वर्गात पाऊल टाकण्याआधीच सरांचा आवाज यायचा, "वैताग आहे!" कधी तो खडूचा डबा रिकामा असल्याचा, कधी लाइट गेल्याचा, कधी मुख्याध्यापकांनी पुन्हा कसल्यातरी सर्वेक्षणाला पाठवल्याचा. विषय गणित, पण तासाची पहिली पाच मिनिटं त्या दिवसाच्या वैतागाला दिलेली असत. त्यांचं खरं आडनाव हजेरीपटाबाहेर कुणी घेतलं नाही. जव्हारच्या आमच्या हायस्कूलमध्ये ते वैताग सर होते. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचाही त्यांना वैताग होता.

सर नाशिककडून आले होते. आमच्या भागात बदलून आलेली माणसं पहिल्या दिवसापासून परतीची वाट शोधतात. सरांनी मात्र खोली घेतली, बायकोला आणलं आणि भांडायला सुरुवात केली. पहिलं भांडण भिंतीशी झालं. ऑफिसबाहेरच्या भिंतीवर निळ्या रंगात शाळेच्या मंडळांची नावं होती : विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, नाट्यमंडळ, निसर्ग मंडळ. खाली अध्यक्ष आणि सचिव. त्यातले निम्मे विद्यार्थी कधीच दहावी होऊन गेले होते.

"ही मंडळं भेटतात कुठे?" सरांनी मुख्याध्यापकांना विचारलं.

"इथेच," मुख्याध्यापक भिंतीकडे हात करून म्हणाले, आणि स्टाफरूममध्ये हशा पिकला. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणाले, "भिंतीवरच्यांपैकी एक तरी मंडळ खरं करायचं. नाटक कुणाला करायचंय?" आम्ही मान खाली घातली. नाटक म्हणजे काय, हेच अर्ध्या वर्गाला माहीत नव्हतं. मी दाभोशाची. मला एवढंच ठाऊक होतं की शाळा सुटल्यावर थांबलं तर जीप चुकते.

आमच्या शाळेत काहीही जादा करायचं म्हटलं की जीप आडवी यायची. दाभोसा गाव काय, वावर गाव काय, शेवटची जीप गेली की मुलं अडकली. सर जीपवाल्याशी बोलायला गेले. तो म्हणाला, "सर, शीटं भरली का गाडी निघते. मी कुणासाठी थांबत नाय."

"अर्धा तास! पोरं नाटक बसवतायत."

"नाटक करून डिझेल येल का?"

सर माघारी वळले. परत येताना ते रस्ताभर पुटपुटत होते. पण त्यातूनच शनिवार निघाला. शनिवारी सकाळची शाळा, दुपारभर जीपा असतात. जेवायचं काय, तर सरांच्या बाईंनी भाकऱ्या पाठवायला सुरुवात केली. बाईंनाही सरांचा वैताग होता. डबा घेऊन आल्या की म्हणत, "मी यांच्याशी लग्न केलं, मंडळाशी नव्हतं केलं." तरी भाकऱ्या चुकल्या नाहीत.

तालमीत सर फार वाईट वागत. वाक्य संपायच्या आत, "थांब!" पुन्हा तेच वाक्य, पुन्हा "थांब!" आम्ही पुस्तकातल्यासारखं बोलायचो, एकेक शब्द मोजून. वर्गात चुकीचं मराठी बोललं की पोरं हसतात, म्हणून तोंडाला तशी सवयच लागली होती. एका शनिवारी वावरची मंजुळा उभी होती. ती वर्गात हजेरीलाही हळूच हात वर करायची, आवाज ऐकलेला कुणालाच आठवत नव्हता. सर ओरडले, "हे पाठ केलेलं नको मला! घरी आईशी भांडतेस ना? तसं बोल."

मंजुळाने क्षणभर सरांकडे पाहिलं आणि घरच्या बोलीत अशी सुरू झाली की आधी आम्ही खो खो हसलो, मग बघतच राहिलो. कमरेवर हात, वाकलेली पाठ, तोंडात दात नसल्यासारखा आवाज. समोर खरीच म्हातारी उभी होती. सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. तिकडूनच म्हणाले, "आता यांना मी काय शिकवणार? वैताग आहे."

नाटक आम्हीच रचलं. एक साहेब दरवर्षी गावात झाड लावायला येतो, फोटो काढतो आणि जातो. रोप वाळतं. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरं रोप. मी साहेब झाले, सरांचा काळा चष्मा लावून. मंजुळा म्हातारी. शेवटी ती साहेबाला विचारते, "साहेब, खड्डा दरसाल मोठा होतं. झाड कवा मोठा व्हंल?"

शालेय नाट्यस्पर्धेला आम्ही एसटीने शहरात गेलो. मोठं सभागृह, माइक, शहरातल्या शाळांची चकचकीत कपड्यातली मुलं. मंजुळाच्या त्या वाक्याला टाळ्यांनी सभागृह भरून गेलं. आम्हाला वाटलं, जिंकलो. निकालात आमचं नाव कुठेच नव्हतं, उत्तेजनार्थसुद्धा नाही. सर थेट परीक्षकांकडे गेले, आम्ही मागे.

परीक्षक सौम्यपणे म्हणाले, "अभिनय उत्तमच होता, सर. पण भाषा शुद्ध नाही. शालेय स्पर्धेत प्रमाण मराठी अपेक्षित असते."

"म्हातारी वावरची आहे हो. पुण्याची नाही."

"नियम सर्वांना सारखे असतात."

"मग त्या म्हातारीला सांगा, शुद्ध भाषेत रड म्हणून!" सरांचा आवाज इतका चढला की चहावाला थांबून बघू लागला. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं आणि ते जेवायला निघून गेले.

एसटीत मंजुळा रडत होती. माझ्यामुळे हरलो, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या कुणी तिला जवळ घेतलं असतं. सर पुढच्या सीटवरून वळले आणि खेकसले, "वैताग आहे! पण तुमचा नाही, समजलं? तुमचा एक कणभरही नाही."

सोमवारी त्यांनी जाहीर केलं की यापुढे स्पर्धा नाही, ज्यांना भाषा कळते त्यांच्यासमोर नाटक करायचं. पहिला प्रयोग वावरला, आणि तोही दिवाळीच्या आत. दिवाळी झाली की निम्मं गाव वीटभट्टीवर नाहीतर भिवंडीच्या बाजूला कामाला जातं, मग प्रयोग बघणार कोण? मंजुळाही जाणार होती, धाकट्या भावाला सांभाळायला. तिला मागे ठेवा म्हणून सांगायला सर तिच्या घरी गेले, मला सोबत घेऊन. तिचा बाप अंगणात बसला होता. सगळं ऐकून घेऊन त्याने लेकीकडे बघत विचारलं, "गुरुजी, नाटक करून पोशीला काय भेटंल?"

सर दुसरं काहीही सांगू शकले असते. नोकरीचं, शिष्यवृत्तीचं, नावलौकिकाचं. ते म्हणाले, "खरं सांगू, दादा? काहीच नाही. पण तुम्ही एकदा बघा."

त्याने पाहिलं. देवळासमोरच्या पटांगणात दुपारी प्रयोग झाला. माझा साहेब आला तेव्हापासूनच लोक हसत होते, आणि म्हातारीच्या वाक्याला तर बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मंजुळाचा बाप हसला नाही. उभा राहून बघत होता. लोक पांगल्यावर तो सरांजवळ आला. "पोशी एवढं बोलतं, मला नव्हतं ठावं," म्हणाला. "ऱ्हाऊ दे तिला. आत्याकडं ऱ्हाईल." सर पडद्याच्या चादरी गोळा करायला लागले. त्या दिवशी त्यांना कसलाही वैताग आलेला मी ऐकला नाही.

सुख तेवढंच. आठवड्याच्या आत कुणाचा तरी वरून फोन आला. नाटकातून शासकीय योजनांची टिंगल केली, असं म्हणणं. कुठल्या कार्यालयातून, कोण बोललं, हे मुख्याध्यापकांनी सांगितलं नाही. त्यांना भीती वाटत होती, हे आम्हाला दिसत होतं. सरांकडे लेखी खुलासा मागितला. "खड्डा खरा आहे की नाही, ते आधी सांगा," सर म्हणाले आणि त्यांनी काही लिहून दिलं नाही. दुसरं सत्र सुरू होताच संस्थेने त्यांची बदली दूरच्या शाखेत केली. आमचं पुढचं नाटक अर्धं बसलेलं होतं.

डेपोवर आम्ही सगळे गेलो. बाई रडत होत्या. सर आमच्यावरच उखडले. शाळा बुडवून कशाला आलात, नववीचं बहुपदींचं प्रकरण राहिलंय, नव्या सरांना विचारायला लाजू नका. एसटी हलली तरी खिडकीतून काहीतरी सूचना चालूच होत्या. इंजिनच्या आवाजात शेवटची कुणालाच ऐकू आली नाही.

मंजुळा आज तिच्याच पाड्यावर अंगणवाडी चालवते. मी मोखाड्याजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. आमच्याही शाळेत मंडळं आहेत, आता त्यांना क्लब म्हणतात. त्यांची माहिती मोबाइलवरून भरायची असते. क्लब भरला की नाही, हे मात्र कुणी विचारत नाही. शनिवारची तालीम मी हट्टाने ठेवते आणि दर दोन आठवड्यांनी ती कशानेतरी मोडते. प्रशिक्षण, सर्वेक्षण, मतदार यादी. मागच्या शनिवारी तर ऐनवेळी ऑनलाइन बैठक लागली. ती संपली तेव्हा दुपार कलली होती. रागाने डोकं फुटायची वेळ आली, म्हणून सरांना फोन लावला. ते आता निवृत्त होऊन नाशिकला असतात, आवाज पार थकलाय.

मी सगळं ओकले. बैठका, फोटो, जीपा, मुख्याध्यापक. मी थांबल्यावर सर म्हणाले, "आज तालमीला कुणी आलं होतं का?"

"तिघी आल्या होत्या. बाकीच्या कंटाळून घरी गेल्या."

"आणि त्या तिघी?"

"बाहेर बसल्यात, सर."

"अजून?" ते एकदम ओरडले, तालमीतल्यासारखे. "मग माझ्याशी काय बोलत बसलीस? जा!"

फोन त्यांनीच ठेवला. मी व्हरांड्यात आले. तिघी पायरीवर बसून, कोण सासू होणार यावरून कडाक्याने भांडत होत्या, आपल्या घरच्या बोलीत. मी चपला काढल्या आणि त्यांच्यासमोर खाली बसले.

"थांबा," म्हटलं. "हेच पुन्हा करा."