रिन्स्केच्या सहीचे अकरा दिवस

नेदरलँड्समधल्या लेउवार्डेन शहरातल्या एका विमा कंपनीत रिन्स्के बावीस वर्षं नुकसानभरपाई विभागाची प्रमुख होती. हाताखाली एकेचाळीस माणसं. कोणाला सकाळी बोललेलं चालत नाही, कोणाच्या आईला दर गुरुवारी दवाखान्यात न्यावं लागतं, सगळं तिला तोंडपाठ. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायची, एकेचाळीस जणांचा संसार पुरे झाला.

मग वरच्यांच्या लक्षात आलं की कंपनी फार जड झालीय. एक अर्ज सहा विभागांतून फिरायचा आणि तेवढ्या वेळात छोट्या कंपन्या गिऱ्हाईक पळवायच्या. ठरलं की विभाग मोडायचे, नऊ-नऊ जणांचे गट करायचे आणि प्रत्येक गटानं हातात घेतलेलं काम शेवटापर्यंत स्वतःच निभवायचं. प्रमुख कोणी नाही. ही रचना आखायला आतलं माणूस हवं होतं, आणि कोण नक्की काय करतं हे रिन्स्केइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

चार महिने ती एका बिनखिडकीच्या खोलीत भिंतीवर कागद चिकटवत राहिली. अर्जाचा प्रवास मांडता मांडता तिला दिसलं, तो सगळ्यात जास्त अडकतो तो तिच्याच टेबलावर. सहीसाठी, सरासरी अकरा दिवस. तो आकडा भिंतीवर लावायला तिला अख्खी दुपार लागली. पण लावला. आपली जागा तिनं स्वतःच्या हातानं काढून टाकली, आणि तिच्यासोबत उपप्रमुख फोल्कर्टचीही.

फोल्कर्ट तिचा सतरा वर्षांचा सोबती. रोज दुपारी दोघं कालव्याकाठी बसून पाव-चीज खायची. सभागृहाच्या पडद्यावर नवी रचना दिसली, तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं. बाहेर आल्यावर तो तिच्यासाठी थांबला होता.

"हे तू आखलंस?"

"हो."

"मला आधी सांगता आलं असतं."

"वरच्यांना तसं लिहून दिलं होतं, फोल्कर्ट. कोणालाच सांगायचं नव्हतं."

"बरं," तो म्हणाला, "म्हणजे मी त्या कोणीतलाच एक."

महिन्याभरात त्यानं नोकरी सोडली.

बाकीच्यांनी नव्या जागांसाठी अर्ज केले. रिन्स्केनंही केला, आणि सातव्या गटात साधी कर्मचारी म्हणून लागली. तिची माणसं चार मजल्यांवर पांगली. खुर्चीही ठरलेली नव्हती, रिकामी दिसेल तिथं बसायचं. रोज सकाळी गटातले नऊ जण गोल उभे राहून आपापलं काम सांगत. रिन्स्केनं तोंड उघडलं की तिच्या जुन्या विभागातले दोघे वाक्य अर्धवट सोडून तिच्याकडे बघत, मान हलवायची वाट पाहत. त्यांची ती सवय मोडावी म्हणून ती सगळ्यांच्या शेवटी बोलू लागली, मग अगदी थोडं. जेवायला ते तिला बोलवत. ती दोन-तीनदा नको म्हणाली, तसं त्यांनी विचारणं सोडलं.

नोव्हेंबरात डाउवे नावाच्या शेतकऱ्याचा गोठा जळाला. गटातले दोघं त्याच दिवशी जाऊन पाहून आले, आणि नवव्या दिवशी निकाल लागला. डाउवेचा फोन रिन्स्केनं घेतला.

"बाई, मागं वादळात छप्पर उडालं, तेव्हा तुमच्या साहेबाच्या सहीपायी दीड महिना गाई उघड्यावर होत्या. या खेपेला सही कोणाची?"

"कोणाचीच लागत नाही आता."

"म्हणजे साहेब गेला म्हणायचा. बरं झालं."

"साहेब नव्हता," रिन्स्के म्हणाली. "मीच होते."

मग तो गाईंबद्दल बोलू लागला, आणि ती ऐकत राहिली.

त्या शनिवारी तिनं फोल्कर्टच्या गावापर्यंत सायकल मारली. तो शेडमध्ये होडीला पॉलिशपेपर घासत होता. तिनं उभ्यानंच गोठ्याची हकिकत सांगितली.

"नऊ दिवसांत?" त्यानं विचारलं.

"नऊ."

"चांगलं झालं." त्यानं होडीवरची धूळ पुसली. "रचना बरोबरच होती तुझी. त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतंच."

चल आत, असं तो म्हणाला नाही. ती सायकल वळवून निघाली. पुढं निवृत्त होईपर्यंत चार वर्षं ती त्याच गटात होती. कालव्याकाठी मात्र ती पुन्हा कधी जेवायला गेली नाही.