पाटावरून एसयूव्हीत

सोलापुरात नुसत्या गाडीकडे बघून आतल्या माणसाची अख्खी कुंडली मांडणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या नणंदेचा नवरा आहे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. दाजींच्या मते देवाने माणसं तीनच प्रकारची घडवली: एसयूव्हीवाली, क्रॉसओव्हरवाली आणि कूपेवाली. पैकी एसयूव्हीवाला तेवढा माणूस. "गाडीत चढायचं असतंय, वहिनी. नुसतं बसायला घरी खुर्ची हाय की." कूपे म्हणजे दोन दारांची, उतरत्या छपराची गाडी. तिच्यात ते जन्मात बसलेले नाहीत, पण मत तयार आहे: "दोन माणसांचा तोरा, आन् वरनं पत्रा." खरा राग क्रॉसओव्हरवर. मुळात साधी कार, जरा उंच करून जीपचा अवतार दिलेली. "फेटा बांधलेला नवरदेव हाय त्यो. उंच दिसतोय, पण घोड्यावर बसवा, लगेच रडतोय."

नात्यात कुणाला गाडी घ्यायची असली की दाजींना शोरूममध्ये न्यायची पद्धत आहे, मुलगी बघायला वडीलधारं माणूस नेतात तशी. दाजी इंजिनाकडे ढुंकून बघत नाहीत. दार आपटतात, डोळे मिटून आवाज ऐकतात आणि कुणी गेल्यासारखी मान हलवतात. माझ्या भाच्याच्या वेळी तिथली मुलगी कौतुकाने सांगत होती, "सर, डिकी साडेतीनशे लीटरची आहे." दाजी म्हणाले, "दूध भरायचंय व्हय? ज्वारीचं पोतं आडवं बसतंय का, ते सांगा." तिला सांगता येईना. भाचा पुढे वर्षभर स्कूटरवरच फिरला. दाजी म्हणतात, वाचला.

त्यांची स्वतःची एसयूव्ही काळी, जुनी आणि आमच्या माळ्याइतकी उंच. तिने आजवर चढलेला सगळ्यात अवघड चढ म्हणजे त्यांच्या कॉलनीतला स्पीडब्रेकर. आपल्याकडे डोंगर कुठे आहे, असं मी एकदा विचारलं. "डोंगर काय सांगून येतोय?" असं उत्तर मिळालं.

डोंगर आला नाही, पण ताईंचे, म्हणजे माझ्या नणंदेचे, गुडघे गेले. त्यांना गाडीत चढवेना. दाजींनी जेवायचा पाट गाडीत ठेवला. दार उघडायचं, पाट मांडायचा, ताईंनी त्यावर पाय देऊन, दाजींचा हात धरून वर जायचं. बघणाऱ्याला वाटावं, ओवाळणार आहेत. नातेपुते गावी एका लग्नाला निघताना ताई चढल्या आणि पाट फाटकापाशीच राहिला. कार्यालयासमोर हे लक्षात आलं. खुर्ची आणली, ती वाळूत रुतली. चार पुरुषांनी चार उपाय सांगितले. ताई म्हणाल्या, "मी हितंच बरी हाय." जेवणाचं ताट खिडकीतून आत गेलं. नवरा-नवरी पाया पडायला गाडीपाशी आली. पाय इतके वर की नवरदेवाला वाकायच्या ऐवजी टाचा उंचवाव्या लागल्या. सगळे हसलो. ताईही हसल्या.

त्यानंतर मात्र त्या घराबाहेर पडेनात. "हल्ली कंटाळा येतोय बाई," म्हणायच्या. दुधनीची त्यांची म्हातारी मावशी दर आठवड्याला फोन करायची, "कधी येतीस गं? मी काय आता लई दिवस न्हाय." ताई म्हणायच्या, येते की. कंटाळा कसला आहे, ते मला दिसत होतं. मी दाजींना सरळ सांगितलं, "गाडी बदला. नाहीतर ताई आता घरातच बसल्या समजा." दाजी आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेवढीच शांतता.

नवव्या दिवशी त्यांनी फोन करून मला शोरूममध्ये बोलावलं. हातात शिंप्याची टेप. ताई घरातल्या दिवाणावरून कुणाच्या मदतीशिवाय उठतात, म्हणून यांनी दिवाणाची उंची मोजून आणली होती. आता जमिनीपासून सीटपर्यंत टेप लावत ते एकेका गाडीपाशी उकिडवे बसत होते. दार आपटलं नाही, डिकी उघडली नाही. विक्रेत्याने सनरूफची तारीफ सुरू केली, तर म्हणाले, "वरचं ऱ्हाऊ द्या हो. खालनं किती, तेवढं बोला." तीन शोरूम झाली. कार खाली जायची, एसयूव्ही वर जायची. दिवाणाला बरोबर जुळली ती एक पांढरी क्रॉसओव्हर.

"दाजी, फेटेवाला नवरदेव?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"क्रॉसओव्हर न्हाय ती," दाजी टेप गुंडाळत म्हणाले. "बुटकी एसयूव्ही हाय."

काळी गाडी कुणी नेली, कधी नेली, त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पहिल्यांदा गेलो ते दुधनीला. मावशी उंबऱ्यातच बसून होती. गाडी थांबताच दाजी वळसा घालून पळत पलीकडे गेले, दार उघडलं आणि सवयीने हात पुढे केला. ताईंनी पाय बाहेर काढले, जमिनीवर टेकवले, उठल्या, आणि हाताकडे न बघता मावशीकडे चालू लागल्या. दोघी रडत काहीतरी बोलत होत्या. दाजी उघड्या दारापाशी तसेच उभे. हात अजून पुढेच होता.

मी डिकीतल्या पिशव्या काढत होते. त्यातली सगळ्यात जड होती ती त्या हातात दिली.