मोजणीकाकांच्या सहा गोळ्या

आमच्या मोजणीकाकांना हसताना कुणी पाहिलं असेल तर त्यानं पुढे यावं, चहा माझ्याकडून. मी इथे नर्स होऊन अकरा वर्षं झाली, मला तरी तो योग आलेला नाही.

माणूस वाईट नाही हो. पण उभी हयात नट-बोल्टच्या गोदामात मोजदाद करण्यात गेली, आणि तिथून निवृत्त होऊन आमच्या औषधांच्या खिडकीत येऊन बसले. सवय जाते थोडीच? जिना चढताना पायऱ्या मोजतात. मुलीच्या लग्नात पाहुणे आले तरी हे आपले खुर्च्या मोजतायत, आणि दोन कमी भरल्या म्हणून खुर्च्यावाल्याशी हुज्जत घालतायत. हे मला काकूंनीच सांगितलं, कपाळाला हात लावून.

आमच्याकडे एचआयव्हीच्या औषधाची चाचणी चालते. आमच्या एकट्यांची नाही, पाच देशांतल्या दवाखान्यांनी मिळून घेतलेली. मोठ्यांना दिली जाणारी गोळी वीस किलोच्या वरच्या मुलांनाही तितकीच लागू पडते का, ते बघायचं. लहान असो की मोठा, प्रत्येकाला बारा आठवड्यांसाठी नव्वद गोळ्यांची बाटली. दिवस होतात चौऱ्याऐंशी. वरच्या सहा अडीअडचणीला, म्हणजे उलटी झाली, गोळी मोरीत पडली, यायला उशीर झाला तर. पुढच्या खेपेला बाटली परत आणायची. काका उरलेल्या गोळ्या एका निळ्या ताटलीत ओतून, चपट्या पट्टीनं सरकवत मोजायचे. एकदा नाही, दोनदा. सहाच्या जागी पाच निघाल्या की चष्म्यावरून बघत विचारायचे, "एक कुठे गेली?" आवाज चढवायचे नाहीत. पण समोरच्याला वाटावं, आपण दरोडाच घातलाय. मी लोकांना सुया टोचते, तरी लोक मला कमी घाबरतात!

शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवणारी एक बाई आणि तिची नऊ वर्षांची मुलगी, दोघीही या चाचणीत होत्या. मुलीला आम्ही टकळी म्हणायचो. सुई दंडात असतानाही तिचं तोंड चालूच. पहिल्या खेपेला टकळीच्या बाटलीत एक गोळी कमी निघाली होती. त्यानंतर मात्र दोघींच्याही बाटल्यांत दर वेळी बरोब्बर सहा. काका नुसते विरघळायचे. "याला म्हणतात शिस्त," असं रांगेतल्या सगळ्यांना ऐकवायचे. बाई मान खाली घालून उभी. मला वाटायचं, लाजते बिचारी. माझी अक्कलही तेव्हा शेण खायला गेली होती.

पाचव्या खेपेला बाईच्या रक्तात विषाणू वाढलेला निघाला. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. गोळ्या नीट घेऊनही विषाणू वाढत असेल तर हे औषध तिला लागू पडत नाही असा अर्थ. मग ते बंद करून जड औषधं सुरू करायची, ज्यांनी माणूस चार-चार दिवस अंथरुणातून उठत नाही.

"गोळ्या चुकल्या नसतील ना, काका?"

"मॅडम, मी मोजल्यात," काका छाती काढून म्हणाले. झालं! आता आणखी एक नमुना तपासायचा आणि तोही तसाच आला की औषध बदलायचं, असं ठरलं.

तो नमुना घ्यायला मी बाईच्या दंडाला पट्टा बांधत होते. टकळी स्टुलावर पाय हलवत बसलेली.

"आईला का टोचता? उलट्या तर मला होतात."

माझा हात थांबला. "कधी गं?"

"गोळी घशात अडकते ना, हल्ली तर आठवड्यातून दोन-तीनदा तरी. मग आई मला तिच्या बाटलीतली देते."

"आणि आई कुठली घेते?"

"त्या दिवशी घेतच नाही. घेतली तर काकांकडे सहा कशा भरणार?"

आई "गप बस" म्हणाली, पण तीर सुटला होता. मी अशी भडकले म्हणता! "अहो बाई, त्या जास्तीच्या गोळ्या उलटीसाठीच असतात! कमी पडल्या तर आणखी मिळतात, नुसतं सांगायचं!"

बाई रडायलाच लागली. "पहिल्या वेळी हिची एक कमी होती, तर काकांनी दोनदा विचारलं. वाटलं, हिचं नाव काढून टाकतील. माझं काय, मी धडधाकट आहे. हिची चुकायला नको."

मी तरातरा खिडकीशी गेले आणि काकांना सगळं सांगितलं. वाटलं, भांडतील. ते उठून, खिडकी उघडी टाकून, माझ्या खोलीत आले. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

"बाई, मी एवढा भयंकर आहे?"

बाई माझ्याकडे बघायला लागली. तिची कशाला पंचाईत, म्हणून मीच म्हणाले, "आहात."

औषध बदललं नाही. जेवण झाल्यावर, पाण्याच्या मोठ्या घोटाबरोबर गोळी कशी गिळायची ते टकळीला शिकवायला मला दोन आठवडे लागले. त्यातही निम्मा वेळ तिला गप्प करण्यात गेला. तीन महिन्यांनी बाईच्या रक्तात विषाणू शोधून सापडेना. मला इतका आनंद झाला की मी तिला सगळ्यांसमोर मिठी मारली.

पण जुन्या मोजण्या चुकीच्या ठरल्या होत्या, आणि तसं चाचणीच्या मुख्य कार्यालयाला कळवणं भाग होतं. त्यांच्या फॉर्मवर कारणांची यादी होती: विसर पडला, प्रवास, गोळ्या हरवल्या, इतर. काकांनी 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, 'मोजणाऱ्याची भीती.'

तिकडून उत्तर आलं, हे कारण ग्राह्य नाही, दुरुस्त करून पाठवा. काकांनी तेच पुन्हा पाठवलं. पुन्हा उत्तर आलं. तिसऱ्या वेळी त्यांनी मला खिडकीशी बोलावून कागद पुढे सरकवला.

"सिस्टर, यात काही चुकलंय का, बघा."

एरवी काकांची चूक काढायची संधी मी सोडणारी नाही. मी तो कागद दोनदा वाचला.

"नाही, काका," मी म्हणाले. "बरोबर आहे."

त्यांनी खाली सही केली आणि कागद तसाच पाठवून दिला.