आर्लिस ट्वेटची रायफल विकायची नाही

आर्लिस ट्वेटने जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी महागाची वस्तू घेतली ती साठी उलटल्यावर, आणि ती घेताना ती सपशेल फसली. मोंटानातलं ज्युडिथ खोऱ्यातलं तिचं गाव एवढंसं. ही बातमी सगळीकडे व्हायला एक सकाळ पुरली.

उमेदीची सगळी वर्षं तिने काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, बर्फ सारणारा ट्रक चालवण्यात घालवली होती. वादळात समोरचं बोनेट दिसेनासं झालं की कुंपणाच्या खांबांवरून रस्ता ओळखायचा आणि पातं खाली टाकून पुढे जायचं. तिच्या खात्यात एक रीत होती. कुणी निवृत्त झाला की सगळ्यांनी वर्गणी काढून त्याला रायफल द्यायची, दस्त्यावर त्याचं नाव कोरून. आर्लिसची पाळी आली तेव्हा रंगीत कागदात गुंडाळलेलं एक खोकं तिच्या हातात पडलं. आत सूप शिजवायचं विजेचं भांडं.

"तुला बंदूक काय करायचीय म्हटलं," मुकादम म्हणाला.

"आमच्याकडे सूप नवरा करतो," ती म्हणाली.

"मग त्याला दे!"

सगळे खो खो हसले. तीही हसली. पण घरी येताना गाडीत तिने रेडिओ लावला नाही, हे तिच्या नवऱ्याच्या, डेलच्या, लक्षात आलं.

मे महिन्यात जत्रेच्या मैदानावर बंदुकांचा मेळा भरला. लांबलांबून व्यापारी आले, टेबलं मांडून बसले. कोपऱ्यातल्या एका टेबलावर हिरव्या कापडावर एकच रायफल ठेवलेली होती. शंभराहून जास्त वर्षांची, खालची लिव्हर ओढून गोळी भरायची, आठ पैलूंच्या नळीची. अंगावर अशी गडद निळी झिलई, की डोळा हटेना. टेबलामागे रँडल कीझ नावाचा माणूस होता. पांढरी मिशी, मऊ आवाज.

"हात लावा ना बाईसाहेब," तो म्हणाला. "एका म्हाताऱ्या पशुपालकाच्या कपाटात पडून होती. कारखान्यातून निघाली तश्शीच आहे. अशी पुन्हा दिसायची नाही."

आर्लिसने ती खांद्याला लावली. ती जणू तिच्याच मापाने बेतलेली होती. मागे दोन पुरुष घुटमळत होते. त्यातला एक कीझला म्हणाला, "त्यांचं बघून झालं की मला द्या." त्या वाक्याने तिचं डोकं फिरलं. बघून झालं म्हणजे काय? बाई आहे म्हणजे नुसती बघायलाच आली? तिने घासाघीससुद्धा केली नाही. गळक्या छपरासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून नऊ हजार डॉलर तिने टेबलावर मोजून ठेवले आणि रायफल काखेत मारून निघाली.

दुसऱ्या दिवशी तिने व्हर्ल ऑस्टबीला बोलावलं. व्हर्ल शेजारचा, जुन्या रायफली जमवण्यात हयात गेलेला. त्याने रायफल खिडकीशी नेली, चष्मा कपाळावर चढवला आणि नळीवरून अंगठा फिरवत राहिला.

"बोल की रे बाबा," आर्लिस म्हणाली.

"किती दिलेस?"

तिने सांगितलं. व्हर्ल खुर्चीत बसला.

"नळीवरच्या अक्षरांवरून बोट फिरव. कडा लागतात का हाताला? नाही ना. पैलूंचे कोपरे बघ, साबणाच्या वडीसारखे गोल झालेत. कुणीतरी जुनी गंजकी रायफल घासूनपुसून नवी झिलई चढवलीय. काम सुरेख केलंय, पण असल्या रायफलीला जमवणारे हात लावत नाहीत. दोन हजार आले तर डोक्यावरून पाणी."

आर्लिसने व्हर्लला कॉफी दिली, ॲपल पायचा तुकडा दिला, दारापर्यंत सोडलं. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि टबाच्या काठावर बसून राहिली. नळीवरची अक्षरं तिने मेळ्यातही पाहिली होती. पुसट आहेत हे दिसलंही होतं. पण तेव्हा तिला दिसायला नको होतं, म्हणून दिसलं नाही. कीझचा राग यायच्या आधी तिला स्वतःचाच राग आला आणि तो जास्त झोंबला. आठवडाभर रायफल पलंगाखाली पडून होती. बाहेर काढवेना, आणि ती तिथे आहे हे विसरताही येईना.

डेल भला माणूस, पण छपराच्या पैशांवर गप्प बसणारा नव्हता. "पाऊस आला की नळीतून बाहेर काढू पाणी," म्हणाला. नाक्यावरच्या कॅफेत मुकादमाने तर सगळ्यांसमोरच विचारलं, "काय गं आर्लिस, तुझी ती सोन्याची पहार कशी आहे?"

"मजेत आहे," आर्लिस म्हणाली. "तुझ्या डोक्यापेक्षा भरीव आहे."

हसणारे हसले. पण त्याच दुपारी तिने कीझला फोन लावला.

"बाईसाहेब, तुम्ही हातात घेऊन पाहिलीत," तो शांतपणे म्हणाला. "मी काही जबरदस्ती केली नाही. विकलेला माल परत घेत नसतो मी." आणि फोन ठेवला.

कायद्याने काही हाती लागणार नव्हतं. पावती नाही, लेखी काही नाही, त्याचा शब्द आणि तिचा शब्द. व्हर्ल म्हणाला, "सोडून दे. आम्ही सगळेच एकदा फसलोय. गप्प बसायचं आणि शहाणं व्हायचं."

"तुम्ही सगळे गप्प बसलात, म्हणून तर त्याने मला गाठलं," आर्लिस म्हणाली.

जूनमध्ये शंभर मैलांवर दुसऱ्या मेळ्यात कीझचं टेबल लागणार असल्याचं तिला कळलं. तिने थर्मास भरला, घडीची खुर्ची घेतली, रायफल घेतली आणि भल्या सकाळी निघाली. दारावर तिकीट काढलं, मेळ्याच्या नियमाप्रमाणे, गोळी झाडता येऊ नये म्हणून, लिव्हर पट्टीने बांधून घेतली, आणि कीझच्या टेबलाला अगदी लागून, पण वाटेच्या कडेला, खुर्ची टाकून बसली.

कीझच्या हिरव्या कापडावर तसलीच चमकती रायफल होती. एक तरुण जोडपं वाकून बघत होतं.

"कारखान्यातून निघाली तश्शीच," कीझ म्हणत होता.

"माझीही तश्शीच होती," आर्लिस मोठ्याने म्हणाली. "याच टेबलावरून घेतली. अक्षरांवर बोट फिरवून बघा. आता त्या तिथल्या रायफलीवर फिरवून बघा."

त्या मुलीने खरंच फिरवलं. मग नवऱ्याचा हात धरून निघून गेली.

दुपारपर्यंत असंच चाललं. आर्लिसने एकदाही त्याला लबाड म्हटलं नाही, आवाज चढवला नाही. आपण किती मोजले आणि आपली कशी फजिती झाली तेवढंच ती प्रत्येकाला सांगायची. पहिल्यांदा सांगताना तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आठदहा जणांना सांगून झाल्यावर त्यात लाजण्यासारखं काही उरलं नाही. कीझने मेळ्याच्या व्यवस्थापकाला बोलावलं. व्यवस्थापक आला, त्याने दोघांचं ऐकलं, तिच्या रायफलीवरून स्वतः बोट फिरवलं आणि म्हणाला, "वाट अडवू नका बाई, एवढंच." आणि निघून गेला.

शेवटी कीझने कोटातून एक पाकीट काढलं आणि तो टेबलावरून वाकला. आवाजातला मऊपणा पार उडाला होता. "पाकिटात पैसे आहेत. सगळे. रायफल इथे ठेवा आणि आत्ताच्या आत्ता घरी जा."

आर्लिसचा हात खरंच पुढे गेला. छप्पर डोळ्यांसमोर आलं, डेलचा चेहरा आला.

"पैसे दे," ती म्हणाली. "पण मी पाचपर्यंत इथेच बसणार."

"मग कशाला देऊ?"

"आणि ही रायफल उद्या कुणाला विकशील?"

कीझने पाकीट परत कोटात घातलं. आर्लिसने थर्मासमधली कॉफी ओतली. पाच वाजता व्यापारी सामान आवरू लागले तेव्हा ती उठली. कीझचं टेबल त्या दिवशी विक्रीविना राहिलं.

घरी डेलने सगळं ऐकलं आणि जेवणाचा काटा खाली ठेवला. "पैसे हातात होते तुझ्या! अगं, हातात! नुसतं उठून यायचं होतं!"

"हो."

"मग?"

"मग पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या कुणाला तरी हिरवं कापड दाखवणार, आणि ते मला माहीत असणार."

डेल दोन दिवस धुसफुसत राहिला. तिसऱ्या दिवशी डांबराचे डबे घेऊन आला. दोघांनी मिळून छपराला ठिगळं लावली. वर चढून ती डांबर फासायची, तो खालून बादल्या द्यायचा आणि प्रत्येक बादलीबरोबर एक टोमणा. त्या उन्हात गुडघे भाजून निघताना आर्लिसला पैशांची आठवण आली नाही असं नाही. चांगलीच आली. पण तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही.

हरणांच्या शिकारीचे दिवस जवळ आले तशी तिने रायफल बंदूकवाल्याकडून तपासून घेतली. नळी ठणठणीत होती. व्हर्ल धावत आला.

"जमवायच्या रायफलीतून गोळी झाडायची नसते गं! किंमत उतरते!"

"आणखी किती उतरायची राहिलीय?" आर्लिस म्हणाली.

नोव्हेंबरच्या एका थंड सकाळी ती आणि डेल टेकडीवर पालथे पडून होते. खाली ओढ्याशी हरणाचा एक काळपट नर उभा होता. आर्लिसने श्वास रोखला. पहिली गोळी वरून गेली. डेलने "अरेरे" म्हणायला तोंड उघडलं, तोवर तिने लिव्हर मारून दुसरी गोळी झाडली होती. नर चार पावलं धावला आणि पडला.

दोघं खाली उतरले. डेलने रायफल हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. गोठलेल्या झुडपांतून सरपटताना नळीवर दोन लांब ओरखडे उठले होते.

"चरे पडले की," तो म्हणाला.

"हे माझे आहेत," आर्लिस म्हणाली. "सुरी दे इकडे, आणि मागचे पाय धर."