पाहुण्यांचा चहा

लाल कंधारी गाईच्या दुधातून पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या वेगळ्या काढणं, हे नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांचं काम. दूध सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगरतं आणि सर शेजारी छाती फुगवून उभे. नमुन्याकडे कुणी नुसतं बघितलं तरी खेकसतात, "हात लावू नका, लई नाजूक हाय!"

परवा पुण्याचे तज्ज्ञ आले. "एवढी मोठी माणसं, त्यांना पाकिटातल्या दुधाचा चहा कसा देऊ?" म्हणत सरांनी मुखेडहून आणलेला लाल कंधारीचा नमुनाच पातेल्यात ओतला. पाकिटातलं दूध गेलं यंत्रात.

संध्याकाळी आलेख बघून तज्ज्ञ हरखले. "वा! लाल कंधारीची गोष्टच वेगळी."

"हाव साहेब," सर विनयानं म्हणाले, "म्हणून तर तुमच्या चहाला दुसरं दूध वापरलं न्हाई."