दुसऱ्या अंकातल्या रेघा

समोरचा माणूस बोलता बोलता अडखळला की सावंतकाका त्याला पुढचा शब्द पुरवत. रेशनच्या रांगेत, दवाखान्यात, कुठेही. एकदा त्यांच्या चाळीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी पाण्याच्या टाकीबद्दल बोलताना थांबले, तर मागच्या बाकावरून हळूच "गळती" असं आलं आणि सेक्रेटरी "हां, गळती" म्हणून पुढे सुरू झाले. शब्द कुणी दिला हे त्यांना कळलंही नाही. काकांना यात काही विशेष वाटत नसे. पंचवीसेक वर्षं ते नाटकांना प्रॉम्प्टर होते. आधी गिरणी सांभाळून, आणि संपानंतर गिरणी बंद पडली तेव्हा फक्त तेच.

मला मात्र त्यांनी कधी शब्द दिला नाही. मी अडखळले की ते नुसते थांबत. मी इंग्रजी शाळेतली, मराठी घरापुरतं, आणि चारचौघांत तर कुठल्याच भाषेत माझं तोंड उघडत नसे. काका म्हणायचे, "तुझो शब्द तूच शोध. तुका घाई कसली?"

त्यांची माझी ओळख शाळेमुळे झाली. मी नववीत असताना आमच्या मिसनी मुलींना वेगवेगळे व्यवसाय दाखवायचं ठरवलं होतं. पोस्ट झालं, बँक झाली आणि मग एका दुपारी आम्हा तीस जणींना आमच्या मुलुंडमधल्याच एका नाट्यगृहात नेलं. पडद्यामागे कोण कोण काय काम करतं ते बघायला. प्रयोगाची तयारी चालली होती. सुताराने भिंत म्हणजे फळीला ताणलेलं कापड असतं हे दाखवलं. दिवेवाल्याने सकाळची संध्याकाळ करून दाखवली, तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात शेवटी मॅनेजर आम्हाला विंगेत घेऊन गेले. विंग म्हणजे स्टेजच्या बाजूची, प्रेक्षकांना न दिसणारी अरुंद जागा. तिथे एका स्टुलावर मांडीवर जाडजूड वही घेऊन एक बारीक, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ बसले होते.

"हे आमचे सावंत," मॅनेजर म्हणाले. "नट विसरला की हे वाक्य देतात."

"वाक्य नाही, शब्द," सावंत म्हणाले. "वाक्य दिलं की नट आळशी होतो. आणि शब्द पहिल्या रांगेत ऐकू गेला तर मी प्रॉम्प्टर नव्हे, मग मी पण नटच."

एका मुलीने विचारलं, "अंकल, रोज तेच तेच ऐकून कंटाळा नाही येत?"

"येतो ना. पण तो स्टेजवर जाऊन सांगता येत नाही."

मुली हसल्या. मग त्यांनी आम्हाला एक गोष्ट शिकवली. नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे कसं ओळखायचं? "श्वास ऐकायचा. मुद्दाम थांबलेला माणूस श्वास सोडतो. विसरलेला आत घेतो आणि धरून ठेवतो." त्यांनी एका मुलीला स्टेजवर उभं केलं आणि पहिल्या अंकातलं एक भाषण विंगेतून शब्दाशब्दाने तिच्याकडून म्हणवून घेतलं. एकदाही अडले नाहीत.

मी त्यांच्या पाठीमागेच उभी होते. मला मराठी अक्षरं लावायला वेळ लागे, म्हणून मी वहीतली ओळ शोधत राहिले. ती सापडेना. पानाच्या डोक्यावर 'अंक दुसरा' असं लिहिलेलं होतं. काका पहिल्या अंकातलं बोलत होते आणि मध्येच सवयीने पान उलटत होते. मी वाकून हळूच वही मागे उलटली आणि पहिला अंक लावून दिला. त्यांनी मान वळवली नाही. मुली बाहेर पडायला लागल्या तेव्हा माझ्या बाजूला तोंड करून त्यांनी विचारलं, "कितवी गो तू? मराठी वाचूक येता मां?"

"थोडं थोडं," मी म्हटलं.

काकांना काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली कधी जाईल ते सांगता येत नाही. जुनी नाटकं त्यांना तोंडपाठ होती, त्यामुळे कुणाला पत्ता नव्हता. नवीन नाटक महिन्याभरात येणार होतं आणि ते पाठ करायला कुणीतरी वाचून दाखवणारं हवं होतं. काकूंनासुद्धा त्यांनी फक्त चष्म्याचा नंबर वाढलाय इतकंच सांगितलं होतं. "हे स्टूल गेलं तर मी दिवसभर करू काय? खिडकीत बसू?" असं ते मला एकदाच म्हणाले.

त्यांची चाळ आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. दर बुधवारी आणि रविवारी दुपारी मी जायला लागले. आई खूश होती, पोरीचं मराठी सुधारतंय. काकूही खूश होत्या, की घरात बसून नवरा एका मुलीला शिकवतोय. काकू ओट्यापाशी असल्या की काका मोठ्याने म्हणायचे, "स्पष्ट वाच, जोडाक्षर खाऊ नको," आणि मी शिकत असल्यासारखी वाचायची. खरं तर शिकतही होते. मी एक पान वाचे, ते डोळे मिटून ऐकत, मग ते सगळं पान मला परत म्हणून दाखवत. माझ्या चुकांसकट. मग आम्ही दोघं चुका काढत बसायचो. इतकं कुणी माझं ऐकलेलं नव्हतं.

नाटक आलं, आठ-दहा प्रयोग झाले, सगळं नीट चाललं होतं. मग एका बुधवारी काकांनी वही पुढे केली. "दुसऱ्या अंकात थोडे बदल केलेत म्हणे. मॅनेजरनी वही नेऊन परत दिली, 'बघून घ्या' म्हणाले. नवीन काय लिहिलंय?"

मी दुसरा अंक चाळला. नवीन काहीच लिहिलेलं नव्हतं. दोन पानांवर समासात पेन्सिलीने उभ्या रेघा होत्या, बस. आमच्या शाळेत पुस्तकात समासात रेघ मारली की तो भाग महत्त्वाचा, परीक्षेला येणारा. मी म्हटलं, "नवीन काही लिहिलेलं नाही."

"मग अजून व्हायचे असतील," काका म्हणाले. "तरी वाच परत."

मी वाचलं. रेघांच्या बाजूची दोन पानं जास्त सावकाश, स्पष्ट, दोनदा वाचली. ती महत्त्वाची होती ना. रेघांबद्दल मी बोलले नाही. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायची माझी सवय होती.

त्या रविवारी मुलुंडलाच दुपारचा प्रयोग होता. काकांनी मला पास दिला होता. दुसऱ्या अंकात नायक बोलता बोलता थांबला. आता मला माहीत आहे, नट हमखास अडतो तो नुकतं काही कापलेल्या जागेवरच. तेव्हा मी फक्त एवढंच पाहिलं की त्याने श्वास आत घेतला आणि धरून ठेवला. विंगेतून शब्द आला असणार, कारण तो लगेच बोलायला लागला. रेघांच्या बाजूचंच. शेवटी तो दाराकडे बोट करून म्हणाला, "बघ, दादा आला." आणि सगळे दाराकडे बघत उभे राहिले.

दादा आला नाही. दादाचं काम करणारा नट त्या आठवड्यात गोरेगावला सिनेमात काम मिळाल्यामुळे सोडून गेला होता, आणि त्याचा प्रवेशच नाटकातून काढून टाकला होता. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "दादाची गाडी लेट आहे," आणि अख्खं थिएटर हसलं. पडदा पाडावा लागला.

मी धावत विंगेत गेले. मॅनेजर काकांच्या पुढ्यात उभे होते. "सावंत, वहीत समासात रेघा मारून कट दिलेत ना ढळढळीत? दिसले नाहीत?"

काका स्टुलावरून उठले होते. वही छातीशी धरलेली.

"प्यायलात का तुम्ही?"

काका खाली बघून म्हणाले, "थोडी घेतली होती साहेब. चूक झाली."

मी त्यांना कधी चहाशिवाय काही घेताना पाहिलं नव्हतं. घरी जाताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बेवड्याक म्हयन्यान परत बोलवतत. आंधळ्याक कोण बोलवता?" आणि थोडं पुढे गेल्यावर, "समासात रेघा होत्या?"

"होत्या."

"बरां."

"काका, मला वाटलं..." मला पुढे बोलताच येईना. ते नेहमीसारखे थांबले. मग म्हणाले, "रवांदे गो. डोळ्यांचं मात्र कुणाला सांगायचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं.

महिना झाला, दोन झाले. बोलावणं आलं नाही. पुढच्या नाटकाला कंपनीने प्रॉम्प्टर ठेवलाच नाही, नटांना पाठ करायला सांगितलं. काका मात्र मला बोलावत राहिले. "चल, दुसरा अंक घे. सवय मोडता कामा नये." आता काटछाट केलेला अंक त्यांनी रेघांप्रमाणे पाठ केला होता, अगदी बिनचूक. ते नाटक केव्हाच बंद पडलं आहे हे मला पेपरात वाचून माहीत होतं. मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनाही माहीत असावं. बारावीनंतर माझं कॉलेज दूरचं, मग आठवड्याला जाणं महिन्यावर आलं, मग सणावारी. तोपर्यंत त्यांची नजर पूर्ण गेली होती. ते खिडकीत बसलेले असत.

ते गेल्याचं आईकडून कळलं. दहाव्या दिवशी मी गेले तेव्हा तो नायकाचं काम करणारा नट येऊन बसला होता. त्याचा आवाज स्टेजवर होता तसाच मोठा. "माणूस हिरा होता, वहिनी," तो म्हणाला. "बाटलीने खाल्लं त्यांना. आम्ही पुष्कळ सांभाळून घेतलं."

तो गेल्यावर काकूंनी त्याचा चहाचा कप उचलला आणि माझ्यापाशी येऊन बसल्या. "डोळ्यांमुळेच काम सुटलं असं मी समजत होते," त्या म्हणाल्या. "तू तर सारखी यायचीस. हे पीत होते? मला कधी वास आला नाही गं."

सांगायचं म्हणजे त्या दिवशीच त्यांना वहीतलं दिसत नव्हतं हे सांगायला लागलं असतं, आणि मग रेघा मी पाहिल्या होत्या हेही. मी शब्द दिला होता, हे खरं. पण तेवढंच खरं नव्हतं.

"मला माहीत नाही, काकू," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "म्हणजे पीत असतील," त्या म्हणाल्या, आणि कप धुवायला उठल्या.